वाचू काय? – गाडीत उभ्याने वाचायची पुस्तकं आणि बाकीची

ह्या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि त्यातल्या निम्म्या पत्रांत एकच ओळ आहे, "ताई, एखादं चांगलं पुस्तक सुचवा." आता ह्याला उत्तर कसं द्यायचं? मी दादरला बावीस वर्षं लायब्ररीच्या काउंटरला बसले आणि पहिल्या सहा महिन्यांतच शिकले की चांगलं पुस्तक मागणाऱ्याला आधी आपणच दोन गोष्टी विचारायच्या, वाचणार कधी, आणि शेवटचं कुठलं पुस्तक तुम्ही झोप मोडून वाचलंत. ते कळलं की कपाटाकडे हात आपोआप जातो. म्हणून ज्यांनी स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्यात त्यांची पत्रं आधी घेतलीयत. बाकीच्यांनी प्लीज परत लिहा, वय, नोकरी, घरात वाचायला जागा आहे का नाही, सगळं लिहा, मला उपयोग होतो.

"मी नालासोपाऱ्याहून चर्चगेटला जाते, जायला सव्वा तास आणि यायला सव्वा तास. कॉलेजात खूप वाचायचे, लग्नानंतर बारा वर्षं सुटलंच. मागच्या वर्षी हट्टाने 'मृत्युंजय' आणलं, साठ पानं झाली आणि बंद पडलं. आता गाडीत नुसती रील्स बघते आणि उतरताना वाईट वाटतं. परत सुरुवात कुठून करू?"

अहो, 'मृत्युंजय' घेऊन नालासोपाऱ्याच्या गाडीत चढलात, तिथेच अडचण झाली. पुस्तक उत्तमच आहे, पण सकाळच्या लेडीज डब्यात एक हात वर कडीला, पर्स पोटाशी, आणि दुसऱ्या हाताने ते एवढं जाड पुस्तक उघडं कसं धरणार? मी स्वतः दहिसर ते दादर वर्षानुवर्षं उभ्याने वाचलंय, त्यामुळे सांगते, गाडीतलं पुस्तक असं हवं की अंगठा मधल्या घडीत आणि बाकीची बोटं मागे, एवढ्यावर ते उघडं राहिलं पाहिजे आणि पान उलटायला हनुवटी पुरली पाहिजे. दुसरं म्हणजे वसई किंवा बोरिवलीला गर्दीचा लोंढा आला की वाचन तुटणारच, तेव्हा तुकडे छोटे हवेत.

म्हणून व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' घ्या. १९४९ चं आहे पण भाषा कालची वाटते. एकेका माणसाचं एकेक चित्र, काही पानांत संपतं. त्यातला धर्मा रामोशी पहिल्यांदा वाचा, तो म्हातारा आणि त्याला दिलेलं ते जुनं धोतर. पुढचं सांगत नाही, फक्त एवढंच सांगते की ते वाचलं तेव्हा मी माहीमच्या आसपास होते आणि पुढे दादर येईपर्यंत दुसरं पान उलटलंच नाही, दाराबाहेर बघत उभी राहिले. माडगूळकर कुठेही रडवायला जात नाहीत हो, जे दिसलं ते सांगतात आणि थांबतात.

ते झालं की त्यांचंच 'बनगरवाडी', धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तरची गोष्ट, एवढीशी कादंबरी आहे, आठवड्यात होईल, आणि एक अख्खी कादंबरी संपवली की आपल्याला परत जमतंय हा जो भरवसा येतो ना तो सगळ्यात महत्त्वाचा. मग जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे', कोकणातल्या गावची माणसं, ते वाचताना हसू आवरत नाही आणि शेजारची बाई विचारते काय वाचताय, तर तिलाही नाव सांगून ठेवा. जी. ए. कुलकर्णींच्या कथा मात्र गाडीत नको. त्यांचं 'काजळमाया' घरी, रात्री, सगळे झोपल्यावर. त्यांच्या वाक्यांना शांतता लागते.

आणि पर्समध्ये फोन जेवणाच्या डब्याच्या खाली ठेवा, पुस्तक वर. पर्समध्ये हात घातला की जे आधी लागतं तेच आपण काढतो.

"आमची लालबागची चाळ पुढच्या महिन्यात रिकामी करायचीय, टॉवर होणार. वडील मिलमध्ये होते, ८२ च्या संपात नोकरी गेली, आता ते नाहीत. माझं वय ५१, वाचायची सवय कधीच नव्हती. पण सामान बांधताना सारखं वाटतंय की हे सगळं कुणीतरी लिहून ठेवलेलं असेल ना? आमच्यासारख्यांची मुंबई कुठल्या पुस्तकात सापडेल?"

दादा, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. आणि हो, लिहून ठेवलंय, खूप जणांनी, आणि जीव ओतून लिहिलंय.

पहिलं नाव जयंत पवारांचं. ते तुमच्याच लालबाग-परळच्या वातावरणात वाढलेले, २०२१ मध्ये गेले. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर घराघरात काय झालं ते त्यांच्या 'अधांतर' नाटकात आहे. चाळीतली एक खोली, आई, आणि तिची मुलं, कुणाला लेखक व्हायचंय, कुणी गुंडगिरीकडे वळतो, आणि त्या एवढ्याशा जागेत सगळे एकमेकांवर आदळतायत. नाटक वाचायची सवय नसेल तरी घाबरू नका, तुम्हाला तर ते लोक बोलताना ऐकूच येतील, कारण भाषा तुमच्या जिन्यातली आहे. मग त्यांचा कथासंग्रह 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर', त्याला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कथा सावकाश वाचायच्या, काही कथांत खरं कुठलं आणि भास कुठला ते कळेनासं होतं, पण गिरणीची जमीन गेल्यावर माणसांचं नेमकं तसंच झालं होतं ना?

दुसरे नारायण सुर्वे. फुटपाथवर टाकलेलं मूल, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून वाढवलं, आणि तो मुलगा पुढे कवी झाला. 'माझे विद्यापीठ' १९६६ चं. तुम्ही म्हणाल कविता मला काय कळणार. तर एक सांगते. आमच्या लायब्ररीत एक काका यायचे, रिटायर झालेले, पेपर वाचायला. एकदा मी 'माझे विद्यापीठ' काउंटरवर उघडं ठेवलेलं, त्यांनी सहज उचललं, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, हळूहळू एक अख्खी कविता वाचली, उभ्यानेच. बोटाचं नख काळं पडलेलं होतं, गिरणीतल्या साच्यात कधीतरी सापडलेलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "हा आमच्याच खात्यातला दिसतोय." त्यांनी ते पुस्तक चार वेळा रिन्यू केलं.

आता गिरणगावाच्या जरा बाहेर येऊ, कारण मुंबई फक्त चाळीतली नव्हती. दया पवारांचं 'बलुतं', १९७८, आत्मकथन आहे, त्यात नागपाड्याजवळच्या कावाखाना ह्या वस्तीतली मुंबई आहे, गावकुसाबाहेरून शहरात आलेली माणसं कुठल्या जागेत कशी राहिली ते त्यांनी स्वतःला न वाचवता लिहिलंय. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा, तो वाचून झाल्यावर मला दोन दिवस दुसरं काही वाचवेना. जयवंत दळवींची 'चक्र' पण त्याच वर्षाची, झोपडपट्टीतली, आणि मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' १९६९ ची. ह्या दोन्ही पाठोपाठ वाचा, माहीम-बांद्र्याच्या मधून गाडी जाते तेव्हा आपण नाक दाबून खिडकीतून जे बघायचो त्याच्या आत कोण राहत होतं ते कळतं. भाऊ पाध्यांचं 'वासूनाका' १९६५ चं, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांचं, छापून आलं तेव्हा अश्लील अश्लील म्हणून केवढा गदारोळ झाला. तुम्ही नाक्यावर उभे राहिला असाल तर तुम्हाला त्यात अश्लील काही वाटणार नाही, पोरं तशीच बोलायची.

एवढी यादी एकदम घेऊ नका. 'अधांतर' घ्या, मग सुर्वे. आणि पु. लं.चं 'बटाट्याची चाळ' शेवटी ठेवा, खोलीला कुलूप लावून किल्ली दिल्यानंतर. सगळ्यांना ते विनोदी म्हणूनच माहीत असतं, पण त्याच्या शेवटी एक चिंतन आहे, चाळ बोलते आपल्याशी. ते आत्ता वाचू नका, सामान बांधून होणार नाही.

"मुलगा तेरा वर्षांचा, इंग्लिश मीडियम. इंग्लिशमध्ये जाडजाड सिरीज वाचतो पण मराठी पुस्तक दिलं की दोन पानांत टाकून देतो. 'श्यामची आई' आणलं, हातही लावला नाही. काय करू? – ठाण्याहून एक आई"

तुमच्या मुलाला गोष्टीचा कंटाळा आलेला नाही, त्याला स्वतःच्या स्पीडचा कंटाळा येतोय. इंग्लिशमध्ये तो पान मिनिटात संपवतो, मराठीत त्याच पानाला चार मिनिटं लागतात, जोडाक्षराला अडखळतो, गोष्ट पुढे सरकत नाही, मग कोण वाचेल? माझ्या भाच्याचं अगदी हेच होतं. ह्यावर मला एकच उपाय चाललेला माहितीय, पहिली वीस-पंचवीस पानं तुम्ही मोठ्याने वाचायची आणि ऐन रंगात आल्यावर कुकर लावायला उठायचं. भाच्याच्या वेळी पुस्तक होतं नारायण धारपांचं, पाऊस पडत होता, लाइट गेलेली, मी मेणबत्तीवर वाचत होते, आणि वाड्याच्या जिन्यावर पावलं वाजली तिथे मी पुस्तक पालथं ठेवून पाणी भरायला उठले. परत आले तर साहेब मेणबत्तीजवळ सरकून एकेक अक्षर लावत पुढे वाचत होते, घामाघूम. त्यानंतर त्याला मराठी वाच असं म्हणावं लागलं नाही.

तेव्हा तेरा वर्षांच्या मुलाला भीती वाटणारं द्या. धारप द्या, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा द्या, 'खेकडा' मात्र आधी तुम्ही वाचा आणि ठरवा, कारण मतकरींची भीती भुताची कमी आणि माणसाची जास्त असते. सायन्स आवडत असेल तर जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी'. त्यातली 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा क्रिकेटपासून सुरू होते आणि कुठल्या कुठे जाते, मुलगा क्रिकेटवेडा असला तर कामच झालं. त्याला एक गोष्ट पण सांगा, नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने, म्हणजे स्वतःची जविना ही अक्षरं उलटी करून, कारण नाव बघून बक्षीस मिळायला नको होतं. बक्षीस मिळालंच. मुलांना हे फार आवडतं.

फास्टर फेणे अजून चालतो का असं बरेच पालक विचारतात. चालतो, बिनधास्त, भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा बन्या सायकल हाणतो तेव्हा भाषेचं ओझं वाटतच नाही. आणि 'श्यामची आई' कपाटात राहू दे. चांगलं पुस्तक आहे म्हणून कर्तव्यासारखं हातात दिलं की मुलं त्याच्यावर कायमची फुली मारतात, हे मी काउंटरवर फार वेळा बघितलंय. आपलं आपण हाताला लागलं की वाचेल.

"मी एफवायबीएला आहे. सगळे म्हणतात 'कोसला' ग्रेट आहे. मी वाचली, मला बोअर झाली. मी मूर्ख आहे का?"

अजिबात नाहीस गं. मला पहिल्यांदा तुझ्याच वयात बोअर झाली होती आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं, तू निदान विचारलंस.

'कोसला' १९६३ मध्ये आली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते. तोवर कादंबरीत लोक फार नीटनेटकं बोलायचे, लेखक पण नीटनेटकं लिहायचा, आणि हा पांडुरंग सांगवीकर आला तो खानदेशातून पुण्याला कॉलेजला आलेला, वगैरे वगैरे म्हणत, उदाहरणार्थ म्हणत, मध्येच कंटाळत, मध्येच भरकटत. त्याला कंटाळा आलाय ते सांगायला पुस्तकानेही तसंच सुस्तावायचं ठरवलंय. तुझी पिढी तशीच बोलते, तसंच टाइप करते, त्यामुळे तेव्हाच्या वाचकाला जो शॉक बसला तो तुला बसणारच नाही. एक कर, परत सगळी वाचू नको. त्याची धाकटी बहीण मनी जाते तो भाग काढ आणि एकटीने मोठ्याने वाच. तिथे तो 'वगैरे'वाला मुलगा पार उघडा पडतो. तेही भिडलं नाही तर दहा वर्षं ठेवून दे, खरंच काही बिघडत नाही.

तोवर सचिन कुंडलकरांचं 'कोबाल्ट ब्लू' वाच, २००६ चं, भाऊ आणि बहीण दोघंही एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात, दोघं आपापल्या तऱ्हेने सांगतात. लेखक अगदी तरुण असताना लिहिलेलं आहे आणि ते जाणवतं, चांगल्या अर्थाने. आणि गौरी देशपांडे वाच. 'एकेक पान गळावया'पासून कर सुरुवात. मी कॉलेजात असताना गौरीची बाई वाचून मला पहिल्यांदा कळलं की नवरा, मुलं, घर ह्या सगळ्यात असूनही बाई स्वतःशी असं सरळ बोलू शकते.

"मृत्युंजय, स्वामी, श्रीमान योगी, छावा, पानिपत सगळं झालं, दोन-दोनदा झालं. ऐतिहासिकमध्ये आता पुढे काय? – निवृत्त बँक कर्मचारी, विलेपार्ले"

तुम्ही इतकं वाचलंयत की आता मी तुम्हाला कादंबरीच्या मागच्या दाराने आत नेणार. विष्णुभट गोडश्यांचं 'माझा प्रवास' वाचलंयत का? पेणजवळच्या वरसईचे हे भटजी, घरात कर्ज, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणारेत, दक्षिणा भरपूर मिळेल असं ऐकून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. साल कुठलं, तर १८५७! वाटेतच बंडाची बातमी कळली, तरी पुढे गेले. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा हे आत होते. राणीला त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. मिळालेले पैसे लुटले गेले, जीव कसाबसा वाचला, आणि एवढं सगळं होऊन घरी परत येताना आईवडलांसाठी काय आणलं, तर गंगेची कावड. खांद्यावरून, इतक्या लांबून. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी ते छापलं. मला सगळ्या लढायांपेक्षा ती कावड लक्षात राहिली. ते वीरपुरुष नाहीत, भुकेची काळजी करणारे, घाबरणारे, जेवण चांगलं मिळालं की खूश होणारे गृहस्थ आहेत, म्हणून त्यांच्या डोळ्यांनी १८५७ फार खरं दिसतं.

'पानिपत' दोनदा झालंय तर आता त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' घ्या. तो इतिहास आहे, कादंबरी नाही, पण विश्वास पाटलांनी रंगवलेली माणसं डोक्यात ताजी असताना शेजवलकर वाचलं की कुठे कागदपत्र आहे आणि कुठे लेखकाची कल्पना, हे तुम्हाला बरोबर कळायला लागेल, आणि ह्या वयात त्याची मजा वेगळी. कर्ण आवडतो ना, मग इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. 'मृत्युंजय'मध्ये जो कर्ण आपण डोक्यावर घेतला त्याला इरावतीबाई थंडपणे समोर बसवून प्रश्न विचारतात. राग येईल तुम्हाला, येऊ दे, वाचाच.

आणि श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत', दोन खंड, जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या पिढ्या. राजेरजवाडे कुणी नाहीत, तरी माझ्या मते मराठीतला इतका भरलेला काळाचा पट दुसरीकडे कमी सापडतो. पावसाळ्यात सुरू करा, घरी बसून, खंड जड आहेत.

"डिटेक्टिव्ह पाहिजे. जुनं चालेल."

एवढंच पत्र आहे, पण उत्तर आहे. बाबूराव अर्नाळकर, त्यांचे हीरो धनंजय, झुंजार, काळा पहाड, हजाराच्या वर पुस्तकं लिहिली त्या माणसाने, त्यामुळे संपायची भीती नाही. सगळी सारखी नाहीत, रहस्य लवकर कळतं कधीकधी, पण वेग बघा. मग सुहास शिरवळकर, 'दुनियादारी'मुळे लोकांना ते माहितीयत पण त्यांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास ह्यांच्यासाठी आमच्या लायब्ररीत नंबर लागायचे.

"ह्यातली निम्मी पुस्तकं दुकानात मिळत नाहीत आणि नवी घ्यायची तर महिन्याचं बजेट कोलमडतं. मुंबईत जुनी मराठी पुस्तकं कुठे बघू?"

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जा, आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या बाजूला. इंग्लिशचे ढीग वर असतात, मराठी खाली किंवा मागे, विचारल्याशिवाय काढत नाहीत, तेव्हा विचारा. पाठीचा कणा बघा, मधली पानं सुटलीयत का ते बघा, आणि शेवटचं पान आहे ना ते आधी बघा, मी एकदा शेवटचा फर्मा नसलेली कादंबरी घेऊन आले होते आणि तीन महिने दुसरी प्रत शोधत होते. दादरला छबिलदासच्या गल्लीत आयडियलमध्ये नवी मिळतात, तिथली माणसं नाव अर्धवट सांगितलं तरी काढून देतात.

पण विकतच कशाला घ्यायला पाहिजे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे. तुमच्या एरियातलं जे कुठलं वाचनालय जिवंत असेल त्याचे मेंबर व्हा. महिन्याची वर्गणी वडापावच्या हिशेबात बसते, आणि मेंबर नसले की वाचनालयं बंद पडतात. आमचं तसंच बंद पडलं.

"आई जाऊन चार महिने झाले. शेवटचे सात महिने हॉस्पिटल, मी आणि ती दोघीच. आता संध्याकाळी घरी आले की काय करायचं कळत नाही. लोक धीर देणारी पुस्तकं देतात, मला ती वाचवत नाहीत, सगळी उपदेश करतात. मला असं काहीतरी सांगा ज्यात कुणी मला शहाणं करणार नाही. – मुलुंड"

हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, घाईत उत्तर द्यायचं नव्हतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आणा. शंभर वर्षं होत आलीत, पण ही बाई तुमच्या स्वैपाकघरात पाटावर बसून बोलल्यासारखी बोलते. सोवळ्यापायी येईल ती वस्तू धुऊन घ्यायला लावणारे वडील, लहान वयात लग्न, नवरा कवी आणि लहरी, कधी निघून जाईल नेम नाही, मग त्याने ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा झालेली ताटातूट, मुलांची आजारपणं, मरणं. एवढं सोसूनही ती कुठेच म्हणत नाही की बघा मी कसं निभावलं. सांगताना मध्येच तिला हसू येतं आणि आपल्यालाही येतं, आणि मग लाज वाटत नाही हसल्याची. तुम्हाला सध्या तेच लागेल असं मला वाटतं, सोबत, जी काही मागत नाही. माझी आई गेली तेव्हा मी हे पुस्तक सरळ वाचलं नाही, कुठलंही पान उघडायचे, चहा होईपर्यंत वाचायचे, मिटायचे. कपाच्या बुडाचा एक गोल डाग आहे त्या प्रतीवर, अजून आहे.

उर्मिला पवारांचं 'आयदान' जरा नंतर, एक-दोन महिन्यांनी. त्यात आई सतत बांबूचं विणकाम करतेय, सुपं, टोपल्या, बोलता बोलता, दुःखात, भांडणात, तिचे हात थांबत नाहीत. ते वाचताना तुमची आई तुम्हाला आठवेल, म्हणून म्हटलं नंतर.

आणि एक पुस्तक उशाशी ठेवा, दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. त्यात गोष्ट नाही, माणसं जवळजवळ नाहीत, बारा महिने आहेत, चैत्रापासून एकेक, कुठलं झाड कधी फुलतं, पानांचा रंग कसा बदलतो, ढग कसे येतात. दुर्गाबाई आयुष्याचा मोठा काळ ह्याच मुंबईत राहिल्या आणि तरी इतकं बघत होत्या. एका रात्री दोन पानं पुरतात. पहिल्यापासून वाचायला हवं असं काही नाही, आत्ता जो महिना चालू असेल तो उघडा.